माझ्या पोटातला ‘नको’ कप्पा

मित्रांनो, तुम्ही मला नक्की पाहिलं असेल. टेबलाच्या खणात, संपलेल्या पेनांच्या आणि रबरांच्या खाली जो पडून असतो तोच मी, एक जुना पेन ड्राइव्ह. माझं टोपण केव्हाच हरवलं, तोंड जरा वाकडं झालंय आणि निळा रंग एका बाजूने पार उडालाय. आत्मवृत्त सांगणारे बहुतेक आपला मोठेपणा सांगतात. माझ्याकडे तोही थोडा आहे, पण मला त्याहून जास्त लाज आहे.

माझा जन्म एका कारखान्यात हजारो भावंडांबरोबर झाला. त्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते क्युबातलं सांता क्लोतिल्दे गाव आणि एलोइनाबाईंचा हात. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. गाव म्हणजे साखर कारखान्याची वसाहत, पण कारखाना बंद पडला, यंत्रं उचलून नेली आणि उरलं ते एकटं धुराडं. माणसं कामधंद्यासाठी बेटभर आणि बेटाबाहेर पांगली. बाई तिथेच राहिल्या आणि आठवणी लिहू लागल्या. गाळपाचे दिवस, मळीचा वास, कारखान्याचा बेसबॉल संघ, साऱ्या गावाला उठवणारा भोंगा. त्याचा त्यांनी ब्लॉग केला. पांगलेली माणसं तो वाचायची आणि खाली प्रतिक्रिया लिहायची.

घरात इंटरनेट नव्हतं. ते मिळायचं शेजारच्या गावातल्या बागेत, कार्ड विकत घेऊन. तिथे बाईंची भाची यानिसबेल जायची. अर्धी बाग परदेशातल्या नातेवाइकांशी मोबाइलवर ओरडून बोलत असायची आणि ही बाकाच्या कडेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची. आलेल्या प्रतिक्रिया माझ्या पोटात भरून सायकलवरून मला घरी आणायची. मग बाई झुलत्या खुर्चीत बसून एकेक वाचायच्या, कुठली छापायची ते ठरवायच्या, उत्तरं लिहायच्या. ते सगळं घेऊन मी पुन्हा बागेत. बाईंच्या होकाराशिवाय ब्लॉगवर एक अक्षर दिसायचं नाही. गल्लीत मला ‘बाईंचा पोस्टमन’ म्हणायचे. मी फुगून जायचो.

एकदा कुणीतरी लिहिलं, “बाई, थापा मारू नका. तो अंतिम सामना आपण जिंकलो नव्हतो, सपाटून हरलो होतो.” बाईंनी ते इतकं मनाला लावून घेतलं की त्या जेवल्या नाहीत. रक्तदाब वाढला, डॉक्टरीणबाईंना बोलवावं लागलं. यानिसबेल घाबरून गेली. पुढच्या खेपेला तिने बागेतच माझ्या पोटात दोन कप्पे केले. एकाचं नाव ‘आत्या’, दुसऱ्याचं ‘नको’. गोड प्रतिक्रिया पहिल्यात. कडू दुसऱ्यात, कारण पुसून टाकायला तिचा हात धजेना.

“हे ‘नको’ काय आहे गं?” बाईंनी विचारलं.

“जुन्या मालिका आहेत, आत्या. तुला नाही आवडायच्या.”

“मग नको बाई,” असं म्हणून बाई हसल्या. त्यांचा भाचीवर विश्वास होता, आणि माझ्यावरही.

त्यानंतर बाईंनी वखारीच्या आगीवर लिहिलं. उसाच्या चिपाडांची वखार पेटली तेव्हा रखवालदार एवेलिओ झोपला होता, म्हणून आग पसरली, असं गावात म्हणायचे. बाईंनीही तेच लिहिलं. लेख सुंदर होता. भोंग्याच्या आवाजाने दचकून जाग आली, अनवाणी अंगणात आले, आकाश लाल झालं होतं, असं सगळं त्यात होतं. आठवडाभरात बागेत एक प्रतिक्रिया आली.

“बाई, मी एवेलिओची मुलगी मिर्ता. तुम्हीच मला वाचायला शिकवलंत. बाबा झोपले होते असं तुम्ही लिहिता, आणि भोंग्याने तुम्हाला जाग आली असंही लिहिता. रात्री कारखान्यात बाबा एकटेच असायचे. ते झोपले होते, तर भोंगा कुणी ओढला? त्यांना आता दिसत नाही. तुमचं लिखाण मी त्यांना वाचून दाखवते. ते रोज विचारतात, बाईंनी दुरुस्त केलं का?”

यानिसबेलने ती वाचली, ओठ चावला आणि ‘नको’मध्ये टाकली.

घरी तिने मला आत्याच्या हातात दिलं. बाईंची बोटं माझ्या पाठीवर होती आणि एवेलिओचा प्रश्न माझ्या पोटात. बाईंनी ‘आत्या’ उघडलं, गोड गोड वाचलं आणि विचारलं, “आगीच्या लेखावर कुणी काही लिहिलं नाही का गं?”

“लिहिलंय ना! सगळ्यांना आवडलाय.”

मित्रांनो, मला बोलता येत नाही हे खरं. पण त्या वेळी मला स्वतःची जी शरम वाटली, ती अजून उतरलेली नाही. मिर्ताने पुन्हा लिहिलं, मग पुन्हा, दर वेळी आधीपेक्षा थोडक्यात. शेवटच्या वेळी एवढंच होतं, “बाई, अजून विचारतात.” सगळी मीच वाहून आणली आणि सगळी मीच लपवली.

आमच्या गल्लीत पेन ड्राइव्ह एकाच घरचा राहत नाही. दर आठवड्याला नव्या मालिका येतात आणि त्या उतरवून घ्यायला आम्ही या घरातून त्या घरात फिरतो. तसं मला शेजारच्या सोराइदाने नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉफी उकळत होती, तेव्हा ती मला नाचवतच ओसरीवर आली.

“अगं एलोइना, तो ‘नको’ म्हणजे मला वाटलं काहीतरी चावट असेल! दार लावून घेतलं, चष्मा पुसला, उघडून बघते तर लोक तुला शिव्या घालतायत!” मग तिचा आवाज खाली आला. “आणि त्या एवेलिओच्या पोरीला तू उत्तर का नाही दिलंस? एवढी कसली गं मिजास?”

बाईंनी मला लावलं. कप्पा उघडला. कॉफी उतू गेली, पण कुणी उठलं नाही.

“मी तुझ्यासाठीच केलं, आत्या,” यानिसबेल रडायला लागली. “तुझी तब्येत...”

“माझी तब्येत?” बाईंचा चेहरा लाल झाला होता. “भोंग्याने जाग आली असं लिहिणारी मी, आणि ओढणारा झोपलेला? वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर बाकावर उभं केलं असतं मी! तुला काय बोलू, पोरी? तू लपवलंस ते नंतर. मी लिहिलं ते आधी.”

त्याच दिवशी बाईंनी दुरुस्ती लिहिली. “एवेलिओ जागा होता, गाव त्याच्यामुळे वाचलं, आणि मी शिक्षिका असून ऐकीव गोष्ट लिहिली, याची मला लाज वाटते.” ती घेऊन मी बागेकडे निघालो. सायकल इतक्या जोरात पळताना मी कधी पाहिली नव्हती.

उत्तर पुढच्या खेपेला आलं. यानिसबेलने ते बागेत वाचलं आणि या वेळी सरळ ‘आत्या’मध्ये ठेवलं.

“बाई, बाबा गेल्या महिन्यात गेले. तुमचं उत्तर येईना, म्हणून मीच एक दुरुस्ती रचली आणि तुमची म्हणून त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, बाई चुकीचं राहू देणार नाहीत, मला ठाऊक होतं. मी तुमच्या नावावर खोटं बोलले, माफ करा. आज तुमची खरी वाचली. माझी यापेक्षा लहान होती.”

बाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला. म्हणाल्या, “हे छाप. सगळ्यांत वर.”

“आत्या, लोक तुला काय म्हणतील?”

“म्हणतील तेही छाप.”

‘नको’मधलं सगळं ब्लॉगवर गेलं, आणि बाईंनी तेव्हा न छापलेली बेसबॉलची हारही. रिकामा कप्पा पुसायला यानिसबेलने हात पुढे केला, तर बाई म्हणाल्या, “असू दे.” तो अजून माझ्या पोटात आहे. आता घरात फोनवरच सगळं दिसतं, मला कुणी लावत नाही, आणि माझी त्याबद्दल तक्रारही नाही.

फक्त एक विनंती आहे. माझ्यासारखा एखादा जुना पेन ड्राइव्ह तुमच्या हाती लागला, तर फेकण्याआधी त्याचे सगळे कप्पे उघडून बघा. आत कुणीतरी अजून विचारत असेल. आम्हाला ते स्वतःहून सांगता येत नाही.