शेऱ्यातला शब्द

तळ्याकाठच्या वाळूवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा दिसल्या, त्या दिवशी आमचा घात झाल्याचे कळले. मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. पुठ्ठ्यावर पाण्याचे डाग आहेत, शिवणीवर चिकटपट्टी आहे. त्या रेघांच्या आत पर्यटक केंद्र होणार होते. पक्षी पाहायला येणाऱ्यांसाठी, आणि नेमके पक्ष्यांच्या घरट्यांवर.

मला कुठे शिवले ते आठवत नाही. आठवतात त्या माझ्या बाई. बारा वर्षे त्या घरटी मोजत आणि त्यांचा नवरा होडी वल्हवी. सुरय पक्षी वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतो. हेच त्याचे घरटे. प्रत्येक घरट्याला बाई माझ्यात एक ओळ देत: तारीख, अंडी, पिले, शेरा. पिले उडून गेली की शेऱ्यात लिहीत, 'रिकामे'. लिहिताना हसत.

"घर रिकामं झालं म्हणून हसणारी तू एकटीच," नवरा म्हणे.

"पिलं उडाली, अजून काय हवं? तुम्ही वल्ही मारा."

लांबून आलेले लोक मला उघडून बाईंच्या अक्षराचे कौतुक करत. बाई गेल्या आणि मी कपाटावर धूळ खात पडले.

मग एक दिवस केंद्राचे इंजिनिअर साहेब घरी आले. "काका, काकूंची वही जरा बघू?" त्यांनी शेवटच्या पानाचा फोटो काढला. फोटोत शेरा तेवढा आला, बाकीच्या रकान्यांवर त्यांचा तळहात होता. पान उडू नये म्हणून ठेवला, म्हणाले. पंखा तर बंद होता.

रेघा पडल्यावर काका मला बगलेत घेऊन वाळूवर गेले.

"साहेब, इथं घरटी असतात."

"काकूंनीच लिहिलंय, काका. रिकामे, रिकामे, रिकामे. ओळीनं."

"रिकामं म्हणजे पिलं उडाली. पुढच्या वर्षी पाखरं इथंच येतात."

"मग तसं लिहायचं होतं ना. असं करा, वहीतच खुलासा लिहून द्या. सोमवारी खुदाई आहे, त्याआधी द्या म्हणजे झालं."

एवढे गोड बोलणे मला रुचले नाही. काका गेलेल्या बायकोच्या अक्षराखाली स्वतः काही लिहायला धजणार नाहीत, हे साहेबांनी आधीच ओळखले असावे.

काका रोज मला टेबलावर उघडतात. पेनचे टोपण काढतात, शेवटची ओळ वाचतात, टोपण लावतात.

मित्रांनो, जुन्या वहीतला शब्द अडला तर लिहिणाऱ्याच्या घरी जाऊन विचारा. आणि अर्थ तुम्हाला ठाऊक असेल, तर हात जड झाला तरी वेळेत लिहा.

आज शनिवार आहे. बाईंच्या शेवटच्या ओळीखाली अजून काहीही लिहिलेले नाही.