सत्तेचाळिसावं पान

ग्रंथालयाच्या बाईंना तोंडावर सगळे 'बाई' म्हणायचे आणि पाठ फिरली की 'दंडवाल्या'. पुस्तक एक दिवस उशिरा आलं की दंड, मग समोर नगराध्यक्ष असोत नाहीतर सख्खा मामा. एकाने बायकोच्या बाळंतपणाची सबब सांगितली, तेव्हा बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "बाळंतीण कोण, तुम्ही का?" अशा बाईंनी जन्मात एकदाच माणसांवर डोळे मिटून भरवसा टाकला, आणि त्यांचं नशीब असं की टाकला तो सगळं ग्रंथालय पणाला लावून.

इमारत दगडी, दुमजली, दीडशे वर्षांची. मागचं छत खाली आलेलं, लोखंडी गोल जिन्यावर कबुतरांनी संसार थाटलेला आणि दारावर पालिकेची 'धोकादायक' अशी पाटी. ती पाडून तिथे गाड्या उभ्या करायची सोय होणार, असं कानावर आलं आणि 'ग्रंथालय वाचवा' मोहीम उभी राहिली. अध्यक्ष झाले वकीलसाहेब, कारण माइक हातात आला की त्यांच्याच्याने तो सुटत नसे. खजिनदार दातांचे डॉक्टर, कारण त्यांच्यासमोर भल्याभल्यांना तोंड उघडावं लागे. राबायला अर्थातच बाई. सह्या गोळा करून त्यांच्या चपला झिजल्या, पण निवृत्त होऊनही त्यांना एकच ध्यास होता. डोळे मिटण्याआधी सगळी पुस्तकं आपापल्या फळीवर परत उभी दिसली पाहिजेत.

पालिका नमली. पण इंजिनियर म्हणाला, छत काढायचं तर आधी आतली पुस्तकं हलवा. शेजारच्या गावच्या कॉलेजने आपलं कोरडं तळघर देऊ केलं, कुलपासकट. बाईंनी साफ नकार दिला. "तळघरात गेलेली पुस्तकं वर येत नाहीत. लोकांची पुस्तकं आहेत, लोकांच्या घरी राहतील. ज्याला जमतील तेवढी त्याने न्यावीत, काम झालं की आणून द्यावीत."

मग ती प्रसिद्ध साखळी झाली. दारापासून चौकापर्यंत माणसं उभी राहिली, पुस्तकं हातोहात बाहेर आली आणि जो तो आपला गठ्ठा घेऊन घरी गेला. वर्तमानपत्रांत फोटो झळकले, त्या फोटोंवर देणग्या आल्या. सांगायचं म्हणजे छत त्या साखळीवरच उभं राहिलं.

घरी आल्यावर धाकट्या बहिणीने विचारलं, "ताई, कोणी काय नेलं ते लिहून घेतलंस ना?"

"आपल्याच माणसांकडून लिहून काय घ्यायचं?"

"आपलीच आहेत म्हणून तर विचारतेय."

बाईंनी तिला गप्प केलं. दोघींचं लग्न झालेलं नव्हतं आणि घर दीड खोलीचं. त्यांच्या वाटणीचे गठ्ठे धाकटीच्या खाटेवर रचले, म्हणून धाकटी जमिनीवर झोपू लागली. वाचनाचा तिला मुळीच नाद नव्हता, पण दर रविवारी ती एकेक पुस्तक पुसून, डांबराच्या गोळ्या बदलून, पुन्हा चादरीत बांधून ठेवायची आणि सबंध वेळ बहिणीच्या नावाने बोटं मोडायची.

काम चार वर्षं रखडलं. एकदा सहीसाठी बाई वकीलसाहेबांच्या कचेरीत गेल्या, तर दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला एक जाडजूड शब्दकोश टेकवलेला. ग्रंथालयाचाच होता. कोपऱ्यावरचा शाईचा डाग बाई झोपेतही ओळखतील. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण अध्यक्षांना दुखवलं तर मोहीम बसेल, म्हणून त्यांनी राग गिळला. निदान पुस्तक जिवंत तरी आहे, असं मनाशी म्हणत त्या शब्दकोशाला वळसा घालून बाहेर पडल्या. तिथेच चुकलं.

इमारत उभी राहिली, आणि खोटं कशाला बोला, देखणी उभी राहिली. दगड धुतले, जिन्याला काळा रंग लागला, नव्या फळ्यांना पॉलिशचा वास येत होता. उद्घाटनाला पुन्हा तीच साखळी करायची ठरलं, या वेळी चौकातून आत. साखळीच्या शेवटी, नव्या काउंटरमागे, पुस्तकं घ्यायला बाई उभ्या राहिल्या.

पहिलं पुस्तक हातात आलं आणि सवयीने त्यांनी सत्तेचाळिसावं पान उघडलं. हे त्या ग्रंथालयाचं गुपित होतं. चोर पहिलं पान फाडतो, शेवटचं फाडतो, पण मधलंच एक ठरलेलं पान फाडायचं त्याला सुचत नाही. म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या सत्तेचाळिसाव्या पानावर तळाशी एक छोटा जांभळा शिक्का असे. आधीच्या ग्रंथपालांनी जाताना हे बाईंच्या कानात सांगितलं होतं. बाईंनी ते धाकटीलाही सांगितलं नव्हतं.

पान कोरं होतं. दुसऱ्याचंही कोरं. तिसरं दहावीचं गाइड. मग कुणाच्या जुन्या डायऱ्या, बँकेने फुकट वाटलेली व्यायामाची पुस्तकं, फ्रिजबरोबर आलेली माहितीपुस्तिका. लोकांनी हसतमुखाने घरातली अडगळ पुढे सरकवली होती. खरी पुस्तकं कुठे रद्दीत गेली, कुठे भिजली, कुठे नुसतीच हरवली.

"बाई, पानं कसली चाळताय?" वकीलसाहेब कानाशी पुटपुटले. "घेत चला, व्हिडिओ चाललाय."

तेवढ्यात धाकटी हातगाडी घेऊन आली. चादरी सोडून तिने गठ्ठे काउंटरवर मांडले. एकही पान दुमडलेलं नाही. बाईंनी उघडून पाहिलं, शिक्का, शिक्का, शिक्का. एवढ्या मोठ्या दालनात ती एकच फळी भरली आणि बाईंचा धीर सुटला. त्यांनी वकीलसाहेबांच्या हातातला माइक ओढून घेतला.

"ही बाकीची आपली पुस्तकं नाहीत! तुम्ही आपली पुस्तकं आणलेलीच नाहीत!"

वकीलसाहेब गोड हसले. "कशावरून म्हणता, बाई? पुरावा?"

आणि बाईंनी आयुष्यभर जपलेलं गुपित भर सभेत सांगून टाकलं. सत्तेचाळिसावं पान उघडा म्हणाल्या, ज्यावर शिक्का नाही ते आपलं नाही. लोकांनी पानं उलटली. कोरी, कोरी, कोरी. दातांच्या डॉक्टरांच्या बायकोने धाकटीने आणलेल्यांतलं एक पुस्तक उचललं. त्यावर शिक्का. दुसरं उचललं, त्यावरही.

"अगंबाई," ती मोठ्याने म्हणाली, "म्हणजे शिक्क्याची सगळी बाईंच्याच घरी होती?"

शब्द वाऱ्यासारखा दारापर्यंत गेला. तरीच म्हटलं, एवढा जीव का तुटतो. आम्ही आपलं जे हाताला लागलं ते नेलं, चांगली चांगली हिने आधीच काढून ठेवली असणार. धाकटी ओरडत होती, "मी चार वर्षं जमिनीवर झोपले रे!" पण तिचं कोण ऐकतो. आणि बाईंकडे दाखवायला कागदाचा एक कपटा नव्हता.

वकीलसाहेबांनी माइक हळूच, अगदी आदराने, त्यांच्या हातातून काढून घेतला.

"मंडळी, झालं गेलं विसरू या. बाईंनी पुस्तकं ठेवून घेतली असतील, पण आज परत आणली, हे महत्त्वाचं. चार वर्षं उशीर झाला खरा." त्यांनी कॅमेऱ्याकडे वळून पाहिलं. "पण आपण बाईंना दंड लावायचा नाही!"

दालन हसलं आणि मग टाळ्यांनी दणाणलं.

"वकीलसाहेब, तुमच्या दारामागचा तो शब्दकोश..." बाई म्हणाल्या, पण माइकशिवाय त्यांचा आवाज धाकटीपलीकडे पोचला नाही. धाकटीने रिकाम्या चादरींच्या घड्या घातल्या आणि बहिणीचा दंड धरून तिला जिन्याजवळच्या बाकावर बसवलं. समोर लोक बाईंच्या फळीपुढे उभे राहून फोटो काढून घेत होते.