शतावरीच्या वाफ्यातला खंजीर

खंजीर बोलतोय मी. दचकू नका. उभ्या जन्मात मी माणूस मारला नाही. मला धारच नव्हती! जर्मन फौजेतल्या अधिकाऱ्यानं मेजवानीला जाताना कमरेला लटकवायचा, एवढंच माझं काम. नवरदेवाच्या कट्यारीसारखं. तिच्या टोकाला निदान लिंबू तरी असतं.

सुऱ्या-तलवारींसाठी नावाजलेल्या झोलिंगन गावच्या भट्टीत जन्मलो. नारंगी मूठ, मुठीखाली गरुड, गरुडाच्या पंजात नाझींचा वाकडा क्रूस. लेफ्टनंट ओटमारनं मला घेतलं आणि आरशासमोर इतका रेंगाळला की मेजवानीतलं सूप निवलं.

लढाई हरले. ओटमार चालत गावी आला. कानस घेतली आणि दुपारभर तो क्रूस घासत बसला. बोटं सोलली तरी उठला नाही. मग अमेरिकन शिपाई झडतीला यायच्या आत मला परसातल्या शतावरीच्या वाफ्यात पुरलं.

वसंतात त्याची बायको शतावरीचे कोंब काढायला गेली, तर हाती मी लागलो.

"लांबीला बरा आहे," म्हणाली आणि धार लावून आणली.

तेव्हा कुठं कामाला लागलो. मातीत घुसायचं, कोंब बुडाशी कापायचा. "अहो, खंजीर कुठं ठेवलात?" असा घरात ओरडा व्हायचा, तेव्हा बरं वाटायचं.

आता त्यांची लेक हिल्ट्रूडसुद्धा म्हातारी झाली. परवा तिचा जावई यॉर्न एका संग्राहकाला घेऊन आला. क्वास्ट त्याचं नाव, जुने खंजीर जमवतो. पांढरे हातमोजे घातले, डोळ्याला भिंग लावलं, मेल्यानं मला हुंगलंसुद्धा.

"अरेरे! धार कुठल्या गाढवानं लावली?"

"माझ्या आईनं," हिल्ट्रूड म्हणाली.

"आणि इथला क्रूस?"

"बाबांनी काढला."

"हरकत नाही. माझा कारागीर असा नवा बसवेल, की कानशीचा ओरखडा शोधून सापडायचा नाही. मग मखमलीवर ठेवीन."

माझी मूठच गार पडली. म्हातारपणी पुन्हा ते लोढणं?

"द्या हो, सासूबाई," यॉर्न म्हणाला. "तुम्ही नुसता चिखल तर उकरता त्यानं!"

हिल्ट्रूडनं मला क्वास्टच्या हातातून ओढून घेतलं.

"माझ्या बापाची बोटं सोलली ते काढताना. आणि तुम्ही परत लावणार? हातमोजे काढा. जेवून जायचं असेल तर बटाटे सोला."

सोलले त्यानं. शतावरीही दोनदा वाढून घेतली, निर्लज्ज.

सध्या मी फावड्याशेजारी खिळ्याला असतो. टोक झिजलंय, मूठ तडकलीय, तक्रार नाही. धास्ती एकच, हिल्ट्रूडच्या मागं मी यॉर्नच्या हाती पडणार. तेव्हा कुणाच्या काचेच्या कपाटात जुना खंजीर आणि त्यावर कोरा करकरीत क्रूस दिसला, तर ओळखा मला. आणि येताना कानस आणा.