डुकरांना पाठ झालेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. जुना असलो तरी भारीतला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. सध्या माझ्या डोक्यावर वाळल्या मिरच्यांचं पोतं असतं, त्यामुळे लोकांचा गैरसमज होतो.

माझं खोकं जाड लाकडाचं, पडदा मात्र कागदाचा. वणीच्या कोळसा खाणीतल्या एका साहेबांनी मला हौसेनं घेतलं. त्यांच्याकडे आणखी दोन स्पीकर होते. एकाचा पडदा ॲल्युमिनियमचा, दुसऱ्याचा बुलेटप्रूफ जाकिटाच्या पिवळ्या धाग्याचा. रविवारी साहेब डोळे मिटून एकच गाणं आम्हा तिघांवर आळीपाळीनं लावत. ॲल्युमिनियममधून झांज लख्ख यायची, पण बाई स्टीलच्या ताटात उभी राहून गातेय असं वाटायचं. पिवळ्याचा ढोल दमदार होता. त्याच्यावर गोळी मात्र कोणी झाडली नाही, त्यामुळे त्याचा खरा गुण कळलाच नाही. माणसाचा आवाज काढावा तो मीच. कागद हलका, नरम, पदरचं काही मिसळत नाही. साहेब म्हणत, बाई सोफ्यावर येऊन बसली. त्यांच्या बायकोला ही तुलना फारशी आवडत नसे.

साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी मला ड्रायव्हर राजदीपला देऊन टाकलं. राजदीपनं मला राळेगावकडे आपल्या मामांच्या, नागोरावांच्या घरी आणलं. मामांच्या सोयाबीनमध्ये रानडुकरं शिरत आणि वावर उकरून ठेवत. राजदीपनं मामांचं ओरडणं मोबाइलमध्ये भरलं, मला धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, खांबाला बांधलं, बॅटरी जोडली. दिवस मावळला की मी मामांच्या आवाजात "हुर्रर्र, हाऽऽड" करू लागलो.

डुकरं पळाली. गावात माझं कौतुक झालं. वाटेनं जाणारे मलाच "जय भीम, नागोराव" म्हणत आणि उत्तर आलं नाही की रागावत.

मामी कांताबाई सांगत होत्या की आवाज बदलत राहा, कधी कुत्र्याचा लावा, कधी फटाक्याचा, जनावर हुशार असतं. मामा हसले.

"घरात माह्या आवाजाले कोनी भेत नाही. वावरात तरी भेऊ दे ना वं."

डुकरं शिकली. आधी लांब उभी राहून ऐकत. मग धुऱ्यावर आली. शेवटी माझ्या खांबाखाली बसून शेंगा खाऊ लागली. एकानं खांबाला अंग घासून घेतलं. मी इमानानं ओरडत राहिलो. मला दुसरं काही येत नव्हतं.

एका संध्याकाळी बॅटरी उतरली. मी गप्प झालेला ऐकून मामा काठी घेऊन वावरात आले. समोर कळप. मामा स्वतः ओरडले, अगदी माझ्यासारखे. एकाही डुकरानं मान वर केली नाही. मामा पुढे गेले, काठी उगारली. मोठ्या नरानं सुळ्यानं त्यांची मांडी फाडली. यवतमाळला नेताना रस्त्यातच ते गेले.

लोक नशिबाला बोल लावत होते. कांताबाई एवढंच म्हणाल्या, "डुकराइले वाटलं, डब्बाच वरडून राह्यला."

माझ्या पडद्याला इतकी खरी पावती आजवर कोणी दिली नव्हती. ती मला नको होती.

मामांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर राजदीपनं वावरासाठी पत्र्याचा भोंगा आणला. पावसाला न भिणारा, वाघाची डरकाळी काढणारा. अंगणात त्यानं आधी मामांचाच आवाज त्याच्यावर लावून पाहिला. तो एसटी स्टँडवरच्या सूचनेसारखा आला. मामी तूर निवडत राहिल्या.

मग त्यानं मोबाइल मला जोडला. वावरात फक्त ओरडण्याचा तुकडा फिरत असे. त्या दिवशी तो थांबवायला राजदीपचा हात वेळेवर पोचला नाही आणि पुढचंही निघालं. मामा धापा टाकत होते. मग म्हणाले, "झालं का बाप्पा? घसा बसला. मामीले म्हनाव, चाय मांड."

कांताबाई सूप ठेवून उठल्या. चुलीपर्यंत गेल्या, भांड्यात पाणी ओतलं, आणि मग तिथंच उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळानं बाहेर येऊन त्या राजदीपला म्हणाल्या, "भोंगा वावरात ने. हा घरात राहू दे. पन चालू नको करू. मी दिवसभर चायच मांडत बसीन."

तेव्हापासून मी घरात आहे.

मित्रांनो, कागदी पडद्याला ओल, ऊन आणि उंदीर सोसत नाहीत, तेवढं सांभाळा. आणि आपल्या माणसाचा आवाज भरून ठेवलात, तर तो रानात मोकळा सोडू नका. रानाला आवाज पाठ झाला, की ते माणसाला ओळख देत नाही.