फोल्डरातली एक्केचाळीस गाणी

धरमपेठेतल्या माणसाला त्याची आवड विचारा, तो तुम्हाला त्याच्या वडिलांची आवड सांगतो. तीस वर्षं याच गल्लीत गाण्यांचं दुकान चालवतोय, म्हणून बोलायचा हक्क आहे मला. आधी कॅसेटी विकल्या, मग सीड्या, आणि आता मोबाइलची कव्हरं, चार्जर विकतो आणि पेनड्राइव्ह भरून देतो. लोक पेनड्राइव्ह आणतात, कोणती गाणी हवीत ते सांगतात, मी भरतो, ते गाडीत लावतात. साठ गाणी सांगायला त्यांना दोन मिनिटं पुरतात. शेजाऱ्याच्या गाडीतली साठ गाणी तोंडपाठ असतात ना!

माझी एक पद्धत आहे. भाजीवाली जशी न मागता वरून कोथिंबीर टाकते, तसं प्रत्येक पेनड्राइव्हमध्ये एक गाणं मी माझ्या पसंतीचं टाकतो. आधी माणसाला तीन नावं विचारतो. गायक सांगा, बँड सांगा, नुसता प्रकार सांगितला तरी चालेल. तीन नावं कानावर पडली की चौथं कोणतं द्यायचं ते मला कळतं. गझलवेड्या डॉक्टरला मी पोर्तुगालची एक बाई ऐकायला दिली. कव्वालीवाल्याला अमेरिकेतल्या चर्चमधलं गाणं दिलं. कोरियातल्या नाचऱ्या बँडांवर जीव टाकणाऱ्या एका कॉलेजच्या पोरीला पन्नास वर्षांपूर्वीचा जपानी रॉक दिला. तिनं नाक मुरडलं, तो भाग वेगळा.

हे काम आता मोबाइलमधली अ‍ॅपं करतात म्हणे. तुम्हाला हे आवडलं ना, मग हे ऐका. ऐकून पाहिलं मी. पोहे खाल्ले म्हणून वर अजून पोहे वाढतात, आणि लोकांना वाटतं आपण काहीतरी शोधलं.

माझं गाणं मी नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचो. फोल्डरचं नाव ‘वरचं’. गिऱ्हाइकाच्या कचऱ्यात माझी निवड मिसळलेली मला खपत नसे.

आणि या निवडीचं लोक काय करत? मनोहररावांचंच घ्या. बँकेतून निवृत्त झालेले, नाट्यसंगीताचे दर्दी, निदान स्वतःच्या मते. त्यांचा पेनड्राइव्ह परत आला तेव्हा ‘वरचं’ गायब होतं.

“ऐकलं काय ते?” मी विचारलं.

“अहो अनंतराव, ते काहीतरी आपोआप येऊन बसलं होतं. व्हायरस असेल म्हणून सूनबाईकडून काढून घेतलं.”

व्हायरस! दोन आठवडे जागोजागी धुंडाळून काढलेला तो बल्गेरियातल्या बायकांचा कोरस होता. असे किती दर्दी मी पाहिले. डॉक्टरनं काढलं, वकिलानं काढलं, आणि संगीताच्या क्लासवाल्या बाईंनी तर फोल्डर उघडूनही पाहिला नाही. मी मनातल्या मनात सगळ्यांच्या नावानं आंघोळ केली आणि नवीन गाणी टाकत राहिलो.

अपवाद एकच होता, जितेंद्र. उमरेडकडचा, चाळिशीचा, पाण्याचा टँकर चालवणारा. शेजारच्या अपार्टमेंटची बोअर आटल्यापासून रोज दुपारी त्याचा टँकर माझ्या दुकानासमोर उभा राहायचा. पहिल्यांदा आला तेव्हा मी रिवाजाप्रमाणे तीन नावं विचारली.

“धुमाल,” तो म्हणाला. “आन धुमाल. आन लग्नातले कोणतेबी चालतीन.”

धुमाल म्हणजे आपल्या नागपूरच्या वरातीतला तो ढोल, ताशे आणि कीबोर्डचा दणका. मी कपाळाला हात लावला. तरी पण धंद्याचं इमान म्हणून त्याच्या साठ गाण्यांवर सर्बियातल्या लग्नाचा एक पितळी बँड टाकला. महिन्यानं तो पेनड्राइव्ह घेऊन आला.

“भाऊ, सात नंबर काढा. एकोणीस काढा. बावीस तर काढाच. बाकी सगळे मस्त हायेत.”

त्याच्या प्लेअरवर नावं दिसत नसत, नुसते नंबर दिसत. मी ती तीन काढली, नवीन तीन भरली आणि हळूच ‘वरचं’ उघडून पाहिलं. सर्बियाचा बँड जागेवर होता. बाकी सगळे मस्त! त्या दिवशी मी उत्तराला, म्हणजे माझ्या बायकोला, दोनदा तेच सांगितलं.

मग दर महिन्याला हेच. चार-दोन नंबर निघायचे, बाकी सगळे मस्त असायचे, आणि ‘वरचं’मध्ये एकेक गाणं वाढत जायचं. घानातले ढोल दिले, कोलंबियातले बाजे दिले, मधे आळस आला तेव्हा हाताला लागेल तेही दिलं. एकही गाणं त्यानं काढायला लावलं नाही. साडेतीन वर्षांत एक्केचाळीस झाली.

खरं सांगतो, या एका माणसाच्या जोरावर मी ताठ चालत होतो. वडील हेडक्लार्क, भाऊ इंजिनिअर, आणि मी कव्हरं विकणारा. पण माझा कान खरा आहे, आणि तो ओळखणारा निदान एक माणूस या शहरात आहे, एवढं मला पुरत होतं. मनोहररावांना मी तोंडावर सांगितलं, “तुमच्या अख्ख्या कॉलनीपेक्षा तो टँकरवाला बरा. त्याच्याजवळ कान आहे.”

“त्याला कधी विचारलं काय तुम्ही, कोणतं आवडलं म्हणून?” उत्तरा एकदा म्हणाली. ती शाळेत क्लार्क आहे, तिला प्रत्येक गोष्टीची खात्री करून घ्यायची सवय.

“रसिकाला असं विचारत नसतात,” मी म्हटलं.

यंदाच्या एप्रिल महिन्यात एक्केचाळिसावं गाणं टाकलं. इथिओपियातला एक बँड, चार पितळी वाद्यं आणि एक ढोल. असा ठेका, की ऐकताना मलाच वरातीत नाचावंसं वाटलं. सहा आठवडे शोधत होतो. हे गाणं ऐकताना जितेंद्रचं तोंड पाहायचंच, असं मी ठरवलं. दुपारी टँकर आला, पाइप लागला, पाणी उतरायला पाऊण तास होता. मी शटर अर्धं ओढलं आणि पहिल्यांदाच त्याच्या केबिनमध्ये चढलो.

“या भाऊ, बसा,” त्यानं सीटवरचा दुपट्टा उचलला. “आज इकडं कसे काय?”

“गाणं ऐकाले आलो. ते नवीन लाव.”

“कोणतं?”

“मी टाकलेलं, गा. वरचं.”

“कोणत्या नंबरले हाये?”

“नंबर नाही त्याले. फोल्डरमध्ये आहे, शेवटी.”

तो बटण दाबत शेवटाकडे गेला. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. पुन्हा दाबलं तर एक.

“साठच तर हायेत,” तो म्हणाला. “साठ झाले का पुन्हा एकपासून सुरू होते.”

मी त्याचा हात बाजूला सारून स्वतः बटण दाबलं. साठ, मग एक. पुन्हा साठ, पुन्हा एक. स्वस्तातला तो प्लेअर फोल्डर उघडतच नव्हता. बाहेर सुटी पडलेली गाणी तेवढी वाचायची, एवढीच त्याची अक्कल. काही प्लेअर असे असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. एवढ्या वर्षांत विचारायचं मात्र सुचलं नाही.

“मग तू दर महिन्याले म्हणत होता ना, बाकी सगळे मस्त हायेत म्हणून?”

“हाव. मस्तच हायेत ना जी. तुमीच तर भरून देता.”

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. साडेतीन वर्षं माझं एकही गाणं त्याच्या कानावर पडलं नव्हतं. निदान बाकीच्यांनी काढून तरी टाकली होती. मला इतकी लाज वाटली की इथिओपियाचं नावही न काढता मी खाली उतरलो. दुकानासमोर मनोहरराव चार्जरसाठी उभे होतेच.

“काय अनंतराव, रसिकाला भेटून आलात? काय म्हणतो?”

“उत्तम म्हणतो,” मी म्हणालो. त्यांना चार्जर दिला तोही चुकीचा दिला.

उत्तराला मात्र सगळं सांगितलं. ती इतकी हसली की डोळे पुसायला पदर घ्यावा लागला. मग म्हणाली, “गाणी फोल्डरच्या बाहेर काढा ना मग. मिनिटाचं काम आहे.”

“आणि त्यानं सगळीच काढायला लावली तर?”

“तर कळेल.”

“मला नाही कळून घ्यायचं.”

“मग कशाला टाकून राहिले इतकी वर्षं?”

भीती वाटत होती, हे कबूल करतो. लोकांच्या कानांना नावं ठेवत मी म्हातारा होत आलो. माझ्या कानाची परीक्षा कोणी घेतली नव्हती, कारण मी ती कोणाला घेऊच दिली नव्हती. पुढच्या वेळी जितेंद्रचा पेनड्राइव्ह आला तेव्हा मी एक्केचाळीस गाणी बाहेर काढली आणि फोल्डर पुसून टाकला. गाण्यांचे नंबर एकसष्ट ते एकशे एक झाले.

“जास्तीचे भरले आहेत,” एवढंच त्याला सांगितलं. “नाही आवडले तर काढून देईन.”

तो महिना मी कसा काढला ते विचारू नका. रोज दुपारी टँकर यायचा, जितेंद्र हात करायचा, आणि मी कव्हरं पुसत असल्याचं दाखवायचो. शेवटी जूनमध्ये तो काउंटरपाशी आला. माउस हातात घेऊन मी तयार बसलो होतो.

“काढा भाऊ,” त्यानं सुरुवात केली. “एकसष्ट.”

एकसष्ट म्हणजे सर्बियाचा बँड. काढला.

“बासष्ट काढा, त्रेसष्ट काढा. चौसष्ट तर दात दुखल्यावानी वरडते. पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट काढा.”

घानाचे ढोल गेले. कोलंबियाचे बाजे गेले. इथिओपिया, सहा आठवड्यांची मेहनत, एका बोटानं गेली. त्याच्या आवाजात राग नव्हता की तुच्छता नव्हती. भाजीतली किडकी भेंडी बाजूला काढावी तसा तो एकेक नंबर सांगत होता. असा सरळ माणूस मी धरमपेठेत पाहिला नव्हता, पण त्या वेळी त्याचं कौतुक करायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

“त्र्याहत्तर राहू द्या,” तो मधेच म्हणाला. पुढे “अठ्ठ्याऐंशी राहू द्या.” आणि अगदी शेवटाकडे “सत्त्याण्णव.”

एक्केचाळिसातली तीन उरली. मी पडद्यावर नावं पाहिली आणि खुर्चीतच खचलो. एक तुर्कस्तानातला म्हातारा, एक ब्राझीलची बाई, आणि एक बंगाली माणूस, कोणीतरी अंगणात रेकॉर्ड केलेला, त्याचं नावही कुठे सापडलं नव्हतं. तिघांचे आवाज फाटलेले. तिन्ही गाणी मी आळसात टाकली होती. त्यातलं एक तर मला डेंग्यू झाला होता तेव्हा, धड न ऐकताच.

“धुमालवाला तू,” मी म्हटलं, “आन हे तुले काहून आवडले?”

त्यानं मान खाजवली. “काय सांगू भाऊ. बाकीचे सगळे ऐकवून राहिले. हे तिघं कोणाले ऐकवून नाही राहिले. आपलंच आपलं गाऊन राहिले. टँकर खाली होईपर्यंत मी बी असाच गुणगुणतो ना.”

तो गेल्यावर मी ती तिन्ही गाणी लावली. एकामागून एक, पुन्हा पुन्हा. जितेंद्र म्हणाला ते खरं होतं, आणि ते मला ऐकूच आलं नव्हतं. मी त्यात देश ऐकला होता, वाद्यं ऐकली होती, ही गाणी कोणालाच माहीत नाहीत याचा आनंद ऐकला होता. माणूस ऐकला नव्हता.

मग मी या तिघांवरून चौथं शोधायला बसलो. इतकं मन लावून मी आजवर काही शोधलं नव्हतं. दोन आठवड्यांनी जॉर्जियाच्या डोंगरातला एक मेंढपाळ सापडला. आवाज फाटलेला, हातात एकच तंतुवाद्य, मागे कुत्रं भुंकतंय. सगळं जुळत होतं. जितेंद्रचा पेनड्राइव्ह मागून घेऊन त्यात त्याला फोल्डरबाहेरच ठेवला. वरची तीन एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट झाली होती आणि हा चौसष्ट. त्या महिन्यात मी मनोहररावांनाही घालूनपाडून बोललो नाही, इतका मी खूश होतो.

जुलैत जितेंद्र आला. पाच काढा म्हणाला, सोळा काढा म्हणाला. मग म्हणाला,

“चौसष्ट काढा.”

“काहून?” मी विचारलं. “त्या तिघांसारखंच तर आहे.”

“आवाज तसाच हाये,” तो विचार करत म्हणाला. “पण हा मानूस, कसं सांगू, मी ऐकून राहिलो का नाही ते पाहून राहिला. आवडलं काय, आवडलं काय, असं मधामधात इचारल्यावानी वाटते. आपण काही बोललो नाही तर रागावन असा.”

त्या मेंढपाळाच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. गाणं निवडणाऱ्याच्या मनात काय होतं ते माहीत होतं. मी चौसष्ट नंबर काढला आणि पुढचं गाणं सोबत ऐकून निवडायला जितेंद्रला काउंटरच्या आत येऊन बसायला सांगितलं.