पंचवीसशे वीस आणि एक धागा

भागिले १. बाकी ०.

मित्रांनो, मी एक संख्या आहे: पंचवीसशे वीस. मला कोणी घडवले नाही आणि मी झिजतही नाही. दोनपासून दहापर्यंत प्रत्येक आकड्याचा मला निःशेष भाग जातो. असे जमणाऱ्या संख्यांत मी सर्वांत लहान. कौतुक मात्र हजाराचे होते, त्याला तर तिनाचाही भाग जात नाही. मी कोणाचा वर्ग नाही. पन्नासाचा वर्ग माझ्या वीस पावले अलीकडेच थांबतो.

मला कामाला लावले ते मालेगावच्या निसार विणकराने, १९३४ साली.

भागिले ७. बाकी ६.

कळवणच्या चतुराबाईला लेकीच्या लग्नाचे लुगडे हवे होते. किती धाग्यांनी ठिपका पुन्हा यायचा, सात, आठ की नऊ, हे लेक भागी पुढच्या बाजारी येऊन सांगणार होती.

"नवरा आम्ही ठरवला, निसारभाऊ," चतुराबाई म्हणाली. "लुगडं तरी तिला ठरवू द्या."

म्हणून निसारने ताण्याला माझ्याएवढे उभे धागे घेतले. कोणतीही नक्षी बसली असती.

धागे मोजता मोजता तो नमाजाला उठला. कुठवर आलो ते कळावे म्हणून लाल धाग्याची खूण बांधून गेला. परतल्यावर त्याने तोही मोजला, आणि शेवटी काढून टाकला.

बाजाराच्या सकाळी चतुराबाई लेकीच्या आधीच येऊन बसली. निसारने सात-सातच्या जुड्या करून पाहिल्या, तर सहा धागे उरले. जास्तीचे आहेत म्हणत त्याने कात्री उचलली. ते कापले असते तर सातांचीच नक्षी बसली असती; भागीला विचारायचे कारणच संपले असते.

त्याची बायको मेहरुन्निसा म्हणाली, आधी आठांनी बघा. सात उरले. नवांनी आठ उरले. चतुराबाईने विचारले, धागे व्याले की काय.

मेहरुन्निसा हसली नाही.

"कात्री ठेवा. जास्त काहीच नाही. सगळीकडे एकच कमी आहे."

तिने एक धागा घातला. मी पुरी झाले.

भागिले ११. बाकी १.

दुपारी भागी आली. समोर मांडलेल्या नक्ष्या सोडून तिने भिंतीवरच्या जुन्या तुकड्याकडे बोट केले.

"मला ते पायजे."

ती अकरांची नक्षी होती. अकराचा भाग मला जात नाही. जातो माझ्या शेजारणीला, पंचवीसशे एकोणीसला. सकाळी जिला चूक म्हणून दुरुस्त केले, तिलाच.

चतुराबाई लेकीवर डाफरली, सातांची काय वाईट आहे म्हणून.

"तूच म्हणलीस ना, मी ठरवायचं?"

मेहरुन्निसाने घातलेला धागा स्वतःच उपसला. माझे काम तिथे संपले.

मित्रांनो, वाईट वाटलेच. पण एक सांगते. काही उरलेले दिसले की लगेच कात्री उचलू नका, आणि काही कमी दिसले की लगेच भरूही नका. ज्याचे आहे त्याला येऊ द्या.

तो उपसलेला धागा कोणी फेकला नाही. लुगडे विणून झाल्यावर त्याची घडी त्याच धाग्याने बांधली.