पांढरी पिशवी

कृष्णाकाकांनी बटण दाबलं आणि मोटर घरघरली. जमिनीलगत ताणलेली दोरी सळसळत निघाली. तिला बांधलेली पांढरी प्लास्टिकची पिशवी सशासारखी उड्या मारत पहिल्या पुलीला वळली, दुसरीला वळली आणि दिसेनाशी झाली. काका मान तिरकी करून नुसता आवाज ऐकत राहिले.

"काका, लाइन ओके?" कुरणाच्या मधोमध उभा असलेला विक्रम ओरडला. कुत्र्यांच्या शर्यतींचा क्लब आता तोच चालवत होता.

"एकदम!" काकांनी हात हलवला. मग चष्मा काढून पुसला. सकाळपासून चौथ्यांदा.

अमेरिकेतल्या बॉथेल गावापासून तासाभरावरच्या या कुरणात पन्नास वर्षांपूर्वी लोक ग्रेहाउंड, सलूकी असली वेगवान कुत्री खऱ्या सशांमागे सोडत. काकांची पहिली सलूकी त्याच धावेत काटेरी तारेत सापडून गेली. मग भंगारातल्या गाडीची मोटर आणि सायकलची चाकं जोडून त्यांनी दोरीवर खोटा ससा पळवला. आधी लोक हसले, मग रांगेत उभे राहिले. नियमही काकांनीच लिहिले. पहिलाच नियम असा, की ज्याला पिशवी दिसत नाही त्यानं बटणाला हात लावायचा नाही. पिशवी फार पुढे गेली तर कुत्री हिरमुसतात. मागे राहिली तर त्यांचे पाय दोरीत जातात.

गेल्या महिन्यात मिली नावाच्या कुत्रीचा पाय तसाच सोलला गेला. "पुली जुनी झालीय," काका म्हणाले आणि त्यांनी सगळ्या पुल्या बदलल्या. कुणीच काही विचारलं नाही. तेच जास्त टोचत होतं.

"बाबा, बस ना जरा. किती येरझाऱ्या घालतोस!" त्यांची मुलगी ऋता जाईला घेऊन आली. जाई तिची सलूकी, पिवळं जाकीट घालून थरथरत होती.

"कुत्री बसत नाहीत, मी कसा बसू?"

"कुत्री चार वर्षांची आहेत, बाबा."

काका हसले, पण बोटं बटणावरून हलली नाहीत.

"पिशवी फाटलीये," ऋता म्हणाली. "नवीन बांधते." आणि ती जाईसह सुरुवातीच्या रेषेकडे गेली.

तीन कुत्री रेषेवर आली. विक्रमला हाक मारावी, असं ओठांपर्यंत आलं.

"टॅली-हो!" विक्रमनं कुत्री सोडायची आरोळी दिली.

सवयीनं बोट दाबलं गेलं. दुसरी पुली गेली, आणि पलीकडच्या उतारावर, जिथे इतके दिवस नुसतं धुकं असायचं, तिथे एक लाल ठिपका लख्ख उड्या मारत होता. काकांनी वेग वाढवला, वळणावर कमी केला, पुन्हा वाढवला. पिवळं जाकीट बरोबर वीस पावलं मागे. शेवटच्या सरळ रेषेत त्यांनी पिशवी अलगद थांबवली. जाईनं ती झडप घालून पकडली.

"काका, क्लासिक!" विक्रम ओरडला.

धापा टाकणाऱ्या जाईला घेऊन ऋता परत आली. तिच्या हातातल्या पिशवीला लाल ब्लाउजपीसची पट्टी बांधली होती. हळदीकुंकवात मिळालेले असे कापडाचे तुकडे घरात खणभर पडून होते.

"हे काय?"

"असंच." ऋता जाईचा पट्टा सोडवत राहिली. "कुत्र्यांना आवडतं."

ती आठ वर्षांची असताना याच कुरणात तिनं विचारलं होतं, पिशवी लाल का नाही? काकांनी तिला मांडीवर घेऊन समजावलं होतं, कुत्र्यांना हिरव्या गवतात लाल रंग उठून दिसत नाही, बेटा. तो आपल्यालाच दिसतो.

काकांनी पट्टीची गाठ सोडली. घट्ट होती, वेळ लागला. पट्टी घडी करून खिशात ठेवली आणि कोरी पांढरी पिशवी ऋताच्या हातात दिली. मग बटणाची पेटीही.

"काका, नेक्स्ट रनला रेडी?" लांबून विक्रमची हाक आली.

काका खुर्चीवर बसले.

"ऋताला विचार," ते म्हणाले.